वजनाचं ऑपरेशन: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा, असं मागच्या अंकात म्हटलं होतं. पत्रं भरपूर आली आणि बहुतेकांनी शेवटी 'नाव छापू नका' असं अधोरेखित केलंय. म्हणून कुणाचंच छापत नाही, फक्त गाव देते. मी सर्जन नाही. पुण्यात बेरिॲट्रिक, म्हणजे वजनाची ऑपरेशनं करणाऱ्या, सर्जनच्या टीमबरोबर आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. सर्जनचं काम दीड-दोन तासांत उरकतं, माझ्याकडे तोच पेशंट पुढे वर्षानुवर्षं येत राहतो. तेव्हा माझी उत्तरं ताटाच्या बाजूने असणार, हे धरून चाला.

ताई, माझं वय 34, उंची 157 सेंमी, वजन 108 किलो. चार वर्षांपासून शुगर आहे, पाळीचं पहिल्यापासूनच खरं नाही. दुसरं मूल हवंय. एक डॉक्टर स्लीव्ह करा म्हणतात, दुसरे बायपास. मुळात मी ऑपरेशनच्या निकषात बसते का? (इस्लामपूर)

बसता. वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय मिळतो. तुमचा 43.8 आला. 1991 साली अमेरिकेत ठरलेला जुना निकष 40 चा होता, सोबत शुगर-बीपीसारखा आजार असेल तर 35 चा. 2022 मध्ये या सर्जनच्या दोन मोठ्या संघटनांनी, एक अमेरिकेतली आणि एक आंतरराष्ट्रीय, तो खाली आणला: आजार असो-नसो 35, आणि आशियाई लोकांसाठी 27.5 पासूनच विचार व्हावा. कारण आपल्याकडे चरबी पोटावर साठते आणि तुलनेने कमी वजनातच शुगर मागे लागते. तुम्ही जुन्या मापानेही बसता, नव्या मापानेही.

आता स्लीव्ह की बायपास. स्लीव्हमध्ये जठराचा 75 ते 80 टक्के भाग स्टेपलरने कापून बाहेर काढतात आणि एक अरुंद नळी मागे ठेवतात. कापलेला भाग परत बसवता येत नाही. भुकेचं एक संप्रेरक मुख्यतः त्याच भागात तयार होतं, त्यामुळे भूक खरोखर मंदावते. बायपासमध्ये वरच्या बाजूला जेमतेम 30 मिलीची पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात, अन्न सुरुवातीचा टप्पा टाळून जातं. शुगरला बायपास थोडी सरस ठरते. पण जीवनसत्त्वांची कमतरताही तीच जास्त करते.

दोन्ही डॉक्टरांना एकच विचारा: 'माझ्यासाठी हेच का?' आणि त्याआधी तुम्हाला ॲसिडिटी किती आहे ते त्यांनी विचारलं का, एंडोस्कोपी केली का, ते बघा. रात्री घशाशी आंबट पाणी येणाऱ्या माणसाची स्लीव्ह केली तर तो त्रास बरेचदा वाढतो. 'आम्ही सगळ्यांची स्लीव्हच करतो' किंवा 'सगळ्यांची बायपासच' हे उत्तर मिळालं तर मी उठून येईन.

मुलाचं. ऑपरेशननंतर 12 ते 18 महिने दिवस जाऊ द्यायचे नाहीत, कारण वजन झपाट्याने उतरत असतं आणि बाळाला पुरेसं पोषण मिळत नाही. गंमत अशी, की वजन उतरायला लागलं की पाळी सुधारते आणि वर्षानुवर्षं दिवस न राहिलेल्या बायकांना अचानक राहतात. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्या नीट शोषल्या जातील याची खात्री नसते. तेव्हा तांबी किंवा दुसरा उपाय स्त्रीरोगतज्ज्ञांशी आधीच बोलून ठेवा. आणखी एक लक्षात ठेवा. पुढे गरोदरपणात ग्लुकोजचं पाणी पाजून शुगर बघतात ना, ती तपासणी बायपास झालेल्या बाईला सोसत नाही: घाम, धडधड, चक्कर, जुलाब. आपलं ऑपरेशन झालंय हे नर्सबाईंना ग्लास हातात घ्यायच्या आधी सांगायचं. त्याऐवजी आठवडाभर घरी ग्लुकोमीटरवर शुगर मोजून काम भागतं.

वय 56. शुगरला 14 वर्षं झाली, पाच वर्षांपासून इन्शुलिन. बीएमआय 33. ऑपरेशन केलं की शुगर मुळापासून जाते असं ऐकलं. खरं का? (नाशिक)

'मुळापासून' हा शब्द जाहिरातीतला. अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकने 150 मधुमेही पेशंटवर एक अभ्यास केला, त्याचे पाच वर्षांचे निकाल 2017 मध्ये आले. तीन महिन्यांची सरासरी शुगर, म्हणजे एचबीए1सी, 6 किंवा त्याखाली आणण्यात नुसत्या औषधांवरचे 5 टक्के यशस्वी झाले, स्लीव्हवाले 23 आणि बायपासवाले 29 टक्के. म्हणजे फरक मोठा आहे, पण शंभरातल्या सत्तरांचं तिथवर आलं नाही हेही त्याच आकड्यात आहे. ज्यांच्या शुगरला आठ वर्षांहून कमी काळ झाला होता त्यांचा निकाल चांगला लागला.

तुमची 14 वर्षं आणि वर इन्शुलिन. सी-पेप्टाइडची तपासणी करून घ्या, स्वादुपिंडात किती जीव शिल्लक आहे याचा अंदाज येतो. शुगर पूर्ण गेली नाही तरी इन्शुलिनची युनिटं निम्म्यावर येणं, बीपीची एक गोळी सुटणं, हेही थोडं नाही. ते तुम्हाला पुरेसं वाटतंय का, एवढाच प्रश्न आहे. आणि ऑपरेशन केलंत तर दवाखान्यातून निघताना कोणतं औषध किती, ते कागदावर लिहून घ्या. शुगर पहिल्या काही दिवसांतच खाली येते. जुन्याच मापाने इन्शुलिन टोचत राहिलात तर घरी चक्कर येऊन पडाल.

माझी मुलगी 23 वर्षांची. उंची 163, वजन 71. डिसेंबरात लग्न आहे. व्यायाम करत नाही, डाएट टिकत नाही. त्याआधी ऑपरेशन करून घ्यावं का? खर्चाची तयारी आहे. (ठाणे)

नाही.

बीएमआय 26.7. नव्या-जुन्या, इकडच्या-तिकडच्या कुठल्याही निकषात ती बसत नाही, आणि बसवून देणारा कुणी भेटला तर त्याच्यापासून लांब राहा. पण मला आकड्यापेक्षा तुमचं पत्र खटकलं. पत्र दोन पानांचं आहे आणि त्यात मुलीला काय हवंय याची एक ओळ नाही. हॉल, साड्या, मुलाकडच्यांचं म्हणणं, सगळं आहे. तुम्ही तिला घेऊन माझ्याकडे आलात तर तुम्हाला बाहेर बसवून मी आधी तिच्याशी बोलेन. ती चोरून खाते का, खाऊन उलटी काढते का, हे आईसमोर कुणी सांगत नाही. तसं काही असेल तर गाठायचा तो मानसोपचारतज्ज्ञ.

शिवाय हिशेब बघा. ऑगस्टमध्ये ऑपरेशन केलं तर डिसेंबरात, ऐन लग्नात, केस गळत असतील. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात ते बरेचदा गळतात. आणि पंगतीत घासही जाणार नाही.

नवऱ्याची स्लीव्ह पुढच्या महिन्यात मुंबईला ठरलीय. दवाखाना फक्त एक लिटर पाणी, दोन लिटर सूप असा छापील कागद देतो. घरी काय शिजवायचं? आणि लगेच लातूरला आलो तर चालेल का? (लातूर)

शिजवणाऱ्या माणसाचं हे एकच पत्र आलं, म्हणून सविस्तर लिहिते.

ऑपरेशनच्या आधीचे दोन आठवडे कमी कॅलरीचं, जास्त प्रोटीनचं खाणं देतात. कारण यकृत. चरबीने फुगलेलं यकृत जठरावर आडवं येतं आणि दुर्बिणीतून काम करणं अवघड होतं. 'आता आयुष्यभर मिळणार नाही' म्हणून घरचे या दोन आठवड्यांत बिर्याणी, मिसळ, बासुंदी असे निरोपसमारंभ करतात. करू नका.

नंतरचे पहिले दोन आठवडे साधारण पातळ पदार्थांचे. ग्लासने प्यायचं नाही. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर मापाचं टोपण असतं ना, ते घ्या. दोन टोपणं, सावकाश, जिभेवर फिरवत. मग थोडं थांबून पुन्हा दोन. दिवसभर हाच उद्योग, तेव्हा कुठे लिटर-दीड लिटर पोटात जातं. मुगाचं गाळलेलं पाणी, पातळ ताक, गाळलेलं सूप, दुधात कालवलेली प्रोटीन पावडर. छापील कागदावर 'दोन लिटर सूप' खरंच असेल तर फोन करून विचारा, छपाईची चूक असणार. साखर घातलेला ज्यूस नको.

मग दोनेक आठवडे घोटलेलं: वरण, सैल पिठलं, कुस्करलेलं पनीर, खात असाल तर मऊ उकडलेलं अंडं. पिठल्यात मिरचीची फोडणी नको, लसूण-जिरं चालेल. त्यानंतर मऊ भाज्या, मुगाचं धिरडं. भाकरी सगळ्यात शेवटी, आमटीत चांगली भिजवून. प्रत्येक टीमचं वेळापत्रक थोडं वेगळं असतं, तुमच्या टीमचं तेच पाळा.

दिवसाला 60 ते 80 ग्रॅम प्रोटीन हवं आणि इथेच आपला महाराष्ट्रीय स्वयंपाक कमी पडतो. वाटीभर पातळ वरणात जेमतेम चार ग्रॅम असतं. अंड्यात सहा. शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. ज्या माणसाच्या पोटात एका वेळी अर्धी वाटीच मावते, त्याने ती वरणाच्या पाण्याने भरली तर स्नायू झडायला लागतात. तेव्हा ताटात प्रोटीन आधी, भाजी नंतर, भात-पोळीला जागा उरली तर. जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास नाही. घास लहान, वीस-पंचवीस वेळा चावलेला. नवऱ्याच्या शेजारी बसून 'अजून एक घास' म्हणायचं नाही. त्या एका घासाने उलटी होते.

पहिलं वर्ष सरलं की सावध राहा. भाकरी-भाजी त्याला जड जाईल, पण चिवडा, चहात बुडवलेली खारी, आईस्क्रीम सहज जाईल. हे पदार्थ तोंडात मऊ होऊन त्या नळीतून घसरतात, पोट भरल्याचं कळतच नाही. परत वजन वाढलेले जे पेशंट माझ्यासमोर बसतात, त्यांच्या खाण्याच्या वहीत पुरणपोळ्या क्वचित असतात. फरसाण रोज असतं.

लगेच लातूरला जायचं का? मी तरी आठ-दहा दिवस मुंबईतच, दवाखान्याच्या जवळ राहा म्हणेन. स्टेपलच्या रेषेतून गळती होण्याचं प्रमाण अनुभवी हातात शंभरात एकाच्या आसपास असतं, पण होते तेव्हा तास मोजावे लागतात. ताप, पोटात वाढती कळ, डाव्या खांद्यात दुखणं, धाप. या सगळ्याच्या आधी बरेचदा नाडी पळायला लागते. बसल्याजागी 120 च्या वर गेली तर सकाळची वाट बघायची नाही. पायाच्या पोटरीत सूज किंवा दुखणं आलं तरी तेच, रक्ताची गुठळी असू शकते. रात्री दोन वाजता फोन कोण उचलणार, त्याचा नंबर आजच मागून घ्या.

स्लीव्ह होऊन 14 महिने झाले. 112 वरून 74 वर आले, अगदी मस्त वाटत होतं म्हणून गोळ्या सहाव्या महिन्यातच बंद केल्या. आम्ही पूर्ण शाकाहारी. दोन महिन्यांपासून तळपायाला मुंग्या येतात, अंधारात बाथरूमला जाताना तोल जातो. वजन उतरल्याचा अशक्तपणा असेल का? (सोलापूर)

हा अंक हातात पडला त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. हा साधा अशक्तपणा नाही. बी12 संपल्यावर नसा अशाच बोलायला लागतात. बी12 शोषायला जठरातलं आम्ल आणि तिथेच तयार होणारं एक प्रथिन लागतं. स्लीव्हने दोन्ही कमी केलं. त्यात तुम्ही शाकाहारी, म्हणजे मुळातच साठा बेताचा. तपासणीत बी12 बरोबर फोलेट, बी1, तांबं, डी आणि फेरिटिनही (लोहाचा साठा) बघायला सांगा. नुसत्या फोलिक ॲसिडच्या गोळ्या आपल्या मनाने घेऊ नका. त्याने रक्त सुधारतं आणि नसांचं नुकसान मात्र आतल्या आत चालू राहतं. बहुधा इंजेक्शनं लागतील. उशीर झाला तर काही नुकसान भरून येत नाही, म्हणून घाई करतेय. सारख्या उलट्या होत असतील तर तेही पहिल्या वाक्यात सांगा. तेव्हा बी1 झपाट्याने संपतं आणि ते काही दिवसांतच सांभाळावं लागतं.

गोळ्या जन्मभर. मल्टिव्हिटॅमिन, बी12, डी, कॅल्शियम सायट्रेट, पाळी चालू असलेल्या बाईला लोह. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतलं तर एकमेकांचं शोषण बिघडवतात, मध्ये दोन तास जाऊ द्या. लोहाची गोळी चहाबरोबर तर नकोच. पहिल्या वर्षी तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्यात रक्त तपासायचं, पुढे दरवर्षी. ज्याला हे जमणार नाही असं आधीच वाटतंय, त्याने ऑपरेशनचा विचार पुन्हा करावा. मी हे पहिल्याच भेटीत तोंडावर सांगते, सर्जनना आवडत नाही.

ऑपरेशनपेक्षा आता आलेली इंजेक्शनं बरी नाहीत का? (पणजी)

काहींसाठी बरी. मौंजारो भारतात मार्च 2025 मध्ये आलं, वेगोव्ही जूनमध्ये. परदेशातल्या चाचण्यांत वेगोव्हीच्या औषधाने सरासरी 15 टक्के, मौंजारोच्या सर्वांत मोठ्या डोसने 20 टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं. शस्त्रक्रियेत 25 ते 30 टक्के. पण वेगोव्हीचं औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परत आला. म्हणजे हेही बराच काळ चालवायचं आणि त्याचं बिल भरत राहायचं. बीएमआय 30-32 असेल तर मी आधी याबद्दल डॉक्टरांशी बोला म्हणेन. 45 असेल, गुडघे गेले असतील, रात्री घोरताना श्वास अडकत असेल, तर नुसत्या इंजेक्शनवर थांबणं पुरेसं होईल असं मला वाटत नाही.

बायपास झाली. सहा महिने झाले. शनिवारी दोन पेग चालतील का? (नागपूर)

दारू आता थेट आतड्यात उतरते. तुमचे पूर्वीचे चार पेग ते आताचे साधारण दोन, आणि चढते ती मिनिटांत. गाडी चालवायचा प्रश्नच नाही. शिवाय अशा ऑपरेशननंतर काही जणांना दारूचं व्यसन नव्याने लागतं, खाण्याची जागा बाटली घेते. माझं उत्तर नाही असं आहे. तुम्ही ऐकणार नाही हे तुमच्या पत्राच्या सुरावरून दिसतंय, तेव्हा निदान बायकोला हे उत्तर वाचायला द्या. तंबाखू, सिगारेट, मशेरी तर कायमची बंद, जोडलेल्या जागी अल्सर होतो. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन अशा दुखण्याच्या गोळ्यांनीही तेच. अंग दुखलं तर पॅरासिटामॉल.

मेडिक्लेम मिळतो का? (सांगली)

मिळतो, पण जुन्या मापाने. विमा नियामकाच्या नियमात वय 18 च्या पुढे, बीएमआय 40, किंवा 35 आणि सोबत गंभीर आजार अशी अट आहे. हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र त्रास, आटोक्यात न येणारी शुगर यांसारखे. वजन उतरवायचे साधे उपाय करून झाले याचे कागदही लागतात. म्हणजे डाएटिशियनच्या जुन्या चिठ्ठ्या फेकू नका. पॉलिसीतला प्रतीक्षाकाळ वाचा. कॅशलेसची मंजुरी लेखी हातात आल्याशिवाय ॲडमिट होऊ नका. नंतर लोंबणारी कातडी काढायचं ऑपरेशन बहुतेकदा यात धरत नाहीत, ते पैसे वेगळे.

सासरी न सांगता करता येईल का? विचारलं तर हर्नियाचं म्हणून सांगेन. (जळगाव)

शेजारपाजाऱ्यांना हर्निया सांगा, माझी हरकत नाही. पण रोज ज्यांच्या ताटाशेजारी जेवता, त्यांतल्या एकाला तरी खरं सांगायला हवं. तुमच्या भागात पाहुणचाराचा आग्रह काय असतो ते मला माहीत आहे, वांग्याचं भरीत आणि पुरी वाढून झाल्यावर 'एवढंसंच?' असं विचारणारी जाऊबाई एकदा तरी तुम्हाला आजारी पाडणार. आणि डॉक्टरांपासून तर काहीच लपवायचं नाही. ऑपरेशनचं नाव, तारीख, सर्जनचा फोन एका कार्डावर लिहून पर्समध्ये, आधारकार्डाच्या मागे ठेवा. उलट्या होतात म्हणून गावातल्या दवाखान्यात नेलं आणि त्यांनी नाकातून नळी सरकवली, तर ताज्या टाक्यांना इजा होऊ शकते. कार्ड बघितलं तर ते आधी फोन करतील.